रोझन रायचं शेत

(दृश्य: जूनची सकाळ. वाऱ्यावर लाटांसारखं हलणारं उंच पीक.)

हे राय, रोझन वाणाचं. फोडणीत तडतडते ती आपली राई वेगळी. हे गव्हाच्या भावकीतलं धान्य. आत शिरलेला माणूस दिसेनासा व्हावा, इतकं उंच वाढणारं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, लिटिट्झ या छोट्या गावी, स्टॉल अँड वुल्फ नावाची डिस्टिलरी यापासून व्हिस्की बनवते. भट्टी आपण पुढे पाहूच. पण या व्हिस्कीची चव हरवली ती शेतात, म्हणून सुरुवात इथून.

जर्मन मुलखातून आलेले शेतकरी अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थिरावले. हलक्या जमिनीत, कडक थंडीत तग धरणारं राय त्यांना घरचंच होतं. पश्चिमेला मोनोंगहेला नदीच्या खोऱ्यात पिकलेलं धान्य विकायचं, तर मधे ॲलेगेनीचे डोंगर. घोड्यावर लादून धान्य किती न्यायचं? त्याची दारू गाळली की तोच घोडा कितीतरी पट मोलाचा माल वाहून नेई. म्हणूनच 1791 मध्ये सरकारने दारूवर कर बसवला तेव्हा हे खोरं पेटलं. 1794 साली तो उठाव मोडायला खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन जवळपास 13,000 सैनिक घेऊन निघाले.

मोनोंगहेला राय व्हिस्की ती हीच. भरपूर राय, जोडीला मोड आणवलेलं बार्ली. मका नाहीच, असला तर थोडा. केंटकीच्या बर्बन व्हिस्कीचा गोडवा मक्याचा. ही मात्र तिखट, मसालेदार.

(दृश्य: जुन्या भट्टीच्या पडक्या भिंती.)

1920 साली दारूबंदी आली. 1933 मध्ये ती उठली, तरी बऱ्याच भट्ट्या पुन्हा पेटल्याच नाहीत. ज्या पेटल्या, त्याही एकेक करून विझल्या. पेनसिल्व्हेनियातल्याच शेफर्सटाउनची मिक्टर्स ही भट्टी 1990 साली बंद पडली. तिथले मुख्य कारागीर होते डिक स्टॉल. लिटिट्झच्या डिस्टिलरीच्या नावातले स्टॉल ते हेच. म्हातारपणी ते पुन्हा भट्टीपाशी उभे राहिले आणि हातातलं कसब पुढच्या पिढीला देऊन 2020 साली गेले.

कसब वाचलं. बियाण्याचं काय?

जुन्या भट्टीवाल्यांचं आवडतं वाण होतं रोझन. 1909 साली जोसेफ रोझन या रशियातून आलेल्या विद्यार्थ्याने मायदेशाहून हे बी मागवलं आणि मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात दिलं. प्राध्यापक फ्रँक स्प्रॅग यांनी निवड करत करत त्याचं वाण घडवलं.

पण राय वाऱ्यावर फळतं. शेजारच्या वावरात दुसरं राय असलं की पराग उडून येतो आणि दोन-चार हंगामांत वाण बिघडतं. बाजरीचं बी राखणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून शुद्ध बी राखायला मिशिगन सरोवरातलं साउथ मॅनिटू बेट निवडलं. तिथल्या शेतकऱ्यांनी एकमताने ठरवलं, रोझनशिवाय दुसरं राय पेरायचं नाही. मला या साऱ्या कहाणीतला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. एका चवीसाठी अख्ख्या बेटाने शब्द पाळला.

पुढे जास्त उतारा देणारी वाणं आली आणि रोझन शेतांतून गेलं. उरलं ते सरकारी बियाणे पेढीतल्या थंड कपाटात. डेलावेअर व्हॅली फील्ड्स फाउंडेशन या संस्थेने तिथून थोडंसं बी मिळवलं. पेन स्टेट विद्यापीठाच्या मदतीने ते पेरलं, मळलं, पुन्हा पेरलं. व्हिस्कीला पुरेल इतकं धान्य जमायला काही हंगाम गेले.

(दृश्य: आंबवणाच्या टाकीत वर चढणारा फेस.)

भट्टीतही राय सहज ऐकत नाही. शिजलं की चिकट होतं, आंबताना फेस काठोकाठ येतो. त्यामुळे नजर हलवता येत नाही. मग गाळलेली धार ओकच्या पिपात जाते आणि वर्षानुवर्षं तिथेच राहते.

(दृश्य: सरोवर. दूरवर हिरवं बेट.)

2020 साली मॅमथ या मिशिगनच्या डिस्टिलरीने साउथ मॅनिटूवर पुन्हा रोझन पेरलं. बी बोटीने बेटावर आलं. चहूबाजूंनी पाणी, आणि आसपास दुसऱ्या रायचं एकही शेत नाही.