तुझ्यामागे कोण बसलं होतं?

(देवळाचा चौक, रात्र. आधी टाळांचा आवाज, मग समईच्या उजेडात माणसं.)

आमच्या गावचा सप्ताह चोवीस तासांचा. साखळी भजन. डिचोलीकडच्या साखळी गावाशी याचा संबंध नाही हो, ही कडीला कडी जोडणारी साखळी. वाड्यावाड्यांना पाळ्या लावून दिलेल्या, आणि आमच्या वाड्याच्या वाट्याला कायम पहाटे दोन ते चार. बाबा पेटी वाजवायचे. मी शाल पांघरून खांबाला टेकून बसायची. चारच्या सुमारास पुढच्या वाड्याची माणसं यायची, ती आधी मागे बसायची. चालू अभंगातच सूर मिसळायची. कोणी टाळ घ्यायचा, कोणी पेटीजवळ सरकायचा. मग बाबा उठायचे. भजन कुठंच तुटायचं नाही.

(पाटो, पणजी. सकाळची कदंब बस. पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा घेतलेली मुलं उतरतात.)

मी सॉफ्टवेअर टीम सांभाळते. लोक तिकिटं काढतात, पैसे भरतात, खोल्या बुक करतात, त्या वेबसाइट आणि ॲप बनवणाऱ्या टीम.

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून २००३ साली बाहेर पडले आणि रात्रीच्या बसने पुण्याला गेले. तेव्हा साइट चढवायची म्हणजे एफटीपीने फायली थेट सर्वरवर टाकायच्या. बिघडलं तर जुनी फाईल परत टाकायची, आणि ती कुणाच्या तरी डेस्कटॉपवर ‘फायनल२’ नावाने पडलेली असायची. कोडची प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवणारं गिट २००५ मध्येच आलं होतं. आमच्या ऑफिसात यायला त्याला आणखी पाच वर्षं लागली.

कोड बरा लिहायची, म्हणून मला टीम दिली. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड आहे. आचारी चांगला निघाला की त्याला चुलीपासून उठवायचं आणि पंगतीची यादी करायला बसवायचं.

यादी लांबली की काय होतं, हा साधा हिशेब आहे. पाच माणसांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात १०. दहा माणसांत ४५. पंधरांत १०५. आयबीएममध्ये ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय: उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. मी हे एका क्लायंटला समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, आणखी चार जण देतो.

(घराचा चौक. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, बांधलेली फळं. बाहेर पाऊस.)

२०१३. चवथीची आदली रात्र. मी गावी, माटोळी बांधायला धरलेली, आणि पुण्याहून फोन. बुकिंगची साइट उघडत नाही, ब्राउझर धोक्याचं लाल पान दाखवतोय. साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती. आठवणीच्या मेल महिनाभर येत होत्या, पण नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. ते काम कसं करायचं, हे आता फक्त मला ठाऊक. घरात रेंज नाही, म्हणून विहिरीच्या कट्ट्यावर छत्री धरून बसले. चाळीस मिनिटांत साइट चालू. सकाळी कौतुकाच्या मेलांची रांग.

बाबांना सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “आणि तुझ्यामागे कोण बसलं होतं?”

मला राग आला होता. खरं सांगते, दोन दिवस राहिला.

(व्हाइटबोर्ड. आठवड्यांपुढे नावं, प्रत्येक ओळीत दोन.)

साइट बिघडली तर रात्री-अपरात्री कोणी उठायचं, त्या पाळ्यांच्या यादीवर, म्हणजे आमच्या ऑन-कॉल रोस्टरवर, आता प्रत्येक आठवड्याला दोन नावं असतात. एक पुढे, एक मागे. मागचा काही करत नाही, नुसता बघतो. पुढच्या आठवड्यात तो पुढे. शुक्रवारी दुपारी आम्ही मुद्दाम टेस्टचा सर्वर पाडतो आणि सगळ्यात नव्या माणसाला उभा करायला लावतो. सर्टिफिकेटचं काम तर माणसाकडून काढूनच घेतलं. २०२० पासून त्याची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस होती, ती टप्प्याटप्प्याने कमी होत २०२९ मध्ये ४७ दिवसांवर येणार आहे. ते लक्षात ठेवणं मशीनचंच काम.

(रात्र. लॅपटॉपच्या उजेडात एक हात, शेजारी चहाचा कप.)

२०२० मध्ये घरून काम सुरू झालं तशी मी गोव्यात परत आले ती आलेच. गेल्या जुलैत पुढे होता सत्तरी तालुक्यातला एक मुलगा, चोवीस वर्षांचा. मागे मी. रात्री दीडला कॉलवर म्हणाला, “ताई, डिस्क भरली.”

“काय काय दिसतंय ते वाच.”

त्याने वाचलं. प्रोग्रॅम आपल्या नोंदी लिहीत जातो ती एक लॉग फाईल फुगली होती. त्याने ती पुसली. जागा मोकळी होईना. पुन्हा पाहिलं, तरी शंभर टक्के. कारण मला ठाऊक होतं: प्रोग्रॅमने फाईल उघडी धरून ठेवलेली असते, तो सोडेपर्यंत लिनक्स जागा परत देत नाही. प्रोग्रॅम बंद करून चालू केला की झालं. एक ओळ. ती जिभेवर आली होती.

मी माइक बंद केला आणि चहा ठेवला.

पंचवीस मिनिटं लागली त्याला. त्या पंचवीस मिनिटांचा जाब सकाळी क्लायंटला मीच दिला. रिपोर्टात मुलाचं नाव नाही, आमच्याकडे कुणाचंच नसतं. असं गप्प बसल्याबद्दल बढती मात्र कोणी देत नाही, हेही सांगून ठेवते.

(पुन्हा देवळाचा चौक. भजन चालू.)

या वर्षी सप्ताहाला गेले होते. पहाटे अडीचला पर्समध्ये फोन थरथरला. पाहिलं. सत्तरीचा मुलगा कॉलवर आला होता, मागे नवी मुलगी. दोघंही जागे.

फोन परत पर्समध्ये ठेवला. पेटीवर आता माझा चुलतभाऊ बसतो. थोडी घाई करतो, पण सूर पक्का आहे.