शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा आकडा

सकाळचे साडेसात. पुण्यात टिळक रस्त्यावरील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सत्तरीचे एक गृहस्थ मुलीसोबत बसले आहेत. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगाची गाठ काढण्यात आली. सवयीप्रमाणे ते उपाशीपोटी आले आहेत. खरे तर सीईए (कार्सिनोएम्ब्रियोनिक अँटिजेन) या रक्तातील प्रथिनाच्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही.

गर्भाच्या आतड्यात भरपूर असणारे आणि जन्मानंतर अत्यल्प उरणारे हे प्रथिन आतड्याच्या कर्करोगात पुन्हा वाढते, हे १९६५ साली कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी दाखवून दिले. रक्ताच्या एका मिलीलीटरमध्ये ५ नॅनोग्रॅमपर्यंतचे प्रमाण सर्वसाधारण मानतात. शस्त्रक्रियेपूर्वी ते त्याहून अधिक असेल, तर आजाराची पायरी तीच असूनही पुढील आयुष्याचा अंदाज काहीसा प्रतिकूल ठरतो.

पण त्या पहिल्या आकड्याने घराची झोप उडावी, हे आम्हाला पटत नाही. गाठ पूर्णपणे निघाली असेल, तर रक्तातील सीईए दर काही दिवसांनी निम्मे होत साधारण चार ते सहा आठवड्यांत पूर्वपदावर येते, आणि म्हणूनच आजची ही दुसरी तपासणी अधिक बोलकी आहे. आधी वाढलेला आकडा शस्त्रक्रियेनंतर उतरला, तर आजार उलटण्याचा धोका मुळातच आकडा न वाढलेल्या रुग्णांहून फारसा वेगळा नसतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. उतरलाच नाही, तर मात्र कर्करोग तिथे पसरला आहे का, यासाठी डॉक्टर यकृताकडे आणि फुप्फुसांकडे बारकाईने पाहतात.

तरीही धूम्रपानाने किंवा यकृताच्या विकारानेही सीईए थोडे वाढू शकते, आणि काही गाठी ते फारसे निर्माणच करत नाहीत. अंदाजाचा मुख्य आधार अजूनही काढलेल्या आतड्याचा पॅथॉलॉजी अहवालच असतो: गाठ किती खोल गेली आहे आणि तपासलेल्या, शक्यतो किमान १२, लसिका ग्रंथींपैकी किती बाधित आहेत.

रक्त देऊन झाल्यावर मुलगी पुढची तारीख विचारते. पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी यायचे आहे, तेही शक्यतो याच लॅबमध्ये, कारण पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो. शस्त्रक्रियेपूर्वीचा रिपोर्ट तिने फाइलमध्ये सर्वांत वर ठेवला आहे. संध्याकाळी दुसरा येईल, तेव्हा डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवूनच वाचतील.