डोक्याला मुका मार आणि कामावर परतणं

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीवरून पडलं, डोकं आपटलं, पण सीटी स्कॅन नॉर्मल आला, की घरचे म्हणतात, "सुटलो बाबा!" आणि माणूस लगेच कामावर हजर. आज मला सांगायचंय ते एवढंच: स्कॅन नॉर्मल आला म्हणजे माणूस कामाला तयार झाला, असं नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेलं हाड दिसतं. मेंदूला हिसका बसून ताणले गेलेले बारीक तंतू त्यात सहसा दिसत नाहीत. ते कळतं माणसाच्या वागण्यातून.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे दिवाणजी माझे पेशंट होते. मिरज रस्त्यावर कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, मिनिटभर शुद्ध हरपली. हेल्मेट होतं, पण कोपरात अडकवलेलं. कोपराला हेल्मेट घालणारी माणसं मला रोज दिसतात आणि रोज जीव तुटतो. असो.

हळदीचा हंगाम भरात होता. चौथ्याच दिवशी दिवाणजी पेढीवर येऊन बसले. सौदे सुरू, खरेदीदारांचा गलका, हमालांच्या आरोळ्या, दोन फोन वाजतायत, हवेत हळदीची धूळ. कर्नाटकातून माल घेऊन आलेला शेतकरी विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या पट्टीसाठी ताटकळत उभा. दिवाणजींनी एकच बेरीज तीनदा केली आणि उत्तरं आली तीन. कधी कुणाला अरे-तुरे न करणाऱ्या त्या माणसाने चहावाल्या पोरावर वही भिरकावली. बाकीचे म्हणाले, हंगामात नाटकं सुचतायत. हमालांचा मुकादम मात्र मालकांना म्हणाला, "मालक, दिवाणजींची बेरीज कधी चुकत न्हाई. डोकं अजून दुखतंय त्यांचं."

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः त्यांना घेऊन आले. "डॉक्टर, माणूस बिघडला का काय?" बिघडला नव्हता, लवकर दमत होता. मी दोन दिवस आराम सांगितला, मग घरात हिंडणं-फिरणं. पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहणंही उपयोगाचं नसतं. मग सौदे सुरू व्हायच्या आधी, सकाळी दोन तास, माडीवरच्या खोलीत फक्त आदल्या दिवशीची खतावणी. एका वेळी एकच काम, अर्ध्या तासाने विसावा, फोन दुसऱ्याकडे. बेरीज मालकांचा मुलगा पुन्हा तपासायचा. गाडी बंद, रात्री झोप पुरेशी. डोकं जड झालं की तास कमी करायचे, चार दिवस बरे गेले की वाढवायचे. गलक्यात बसणं सगळ्यात शेवटी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दिवाणजी पुन्हा सौद्यात बसले, आणि बेरीज एका दमात.

मधल्या काळात त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो भेटायला येणाऱ्यांचा. आजाऱ्याला भेटणं ही आपली चांगली रीत आहे. पण शहाळं ठेवा, पाच मिनिटं बसा आणि उठा. दोन-दोन तास गप्पा, त्यातही डोक्याला लागून कोण कोण गेलं याच्या! मला हे अजिबात पटत नाही.

तर पुन्हा सांगतो: स्कॅन नॉर्मल आला म्हणजे माणूस कामाला तयार झाला, असं नाही. डोकेदुखी, चक्कर, उजेड-आवाज सहन न होणं, विसरणं, चिडचिड हे बहुतेकांना काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत कमी होतं. त्याहून लांबलं तर पुन्हा दाखवा. मात्र वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जागं करूनही जाग न येणं, यातलं काहीही झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर मार किरकोळ वाटला तरी लगेच दाखवा.

आणि डॉक्टरांकडून नुसता "फिट" असा दाखला घेऊ नका. किती तास, कोणतं काम, गाडी चालवायची की नाही, हे त्यावर लिहून मागा आणि तो कागद मालकाच्या किंवा साहेबांच्या हातात द्या. नमस्कार.