आधी सही, मग माघार

(जुनी छायाचित्रे : रात्रीची गाडी, पुलमन कंपनीचा शयनयान डबा)

डब्यात सगळे प्रवासी झोपलेत. जागा आहे तो फक्त पोर्टर. तो एकेका प्रवाशाचे बूट उचलतो, पॉलिश करतो आणि होते तिथे परत ठेवतो. पॉलिशची डबी त्याने स्वतःच्या पैशाने आणलीय. सकाळी कुणी ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारली, की त्याने ओ द्यायची. त्याचं खरं नाव कुणी विचारत नाही. कंपनीच्या संस्थापकाचं नाव जॉर्ज पुलमन, म्हणून त्याचा प्रत्येक कृष्णवर्णीय पोर्टरही जॉर्ज. 1920च्या दशकातल्या अमेरिकेत या माणसाला महिन्याकाठी 400 तास किंवा 11,000 मैलांची ड्यूटी भरावी लागे. पगार साडेसदुसष्ट डॉलर. बाकीचं पोट टिपांवर.

25 ऑगस्ट 1925 रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात या पोर्टरांनी युनियन काढली आणि पुढारी म्हणून निवडला एक संपादक, आसा फिलिप रँडॉल्फ. तो कधीच पोर्टर नव्हता, आणि म्हणूनच तो हवा होता. जो कंपनीच्या नोकरीतच नाही, त्याला कंपनी कामावरून काढणार कशी?

कंपनीने हेर पेरले, माणसं काढली. 1928 साली रँडॉल्फने संपाची हाक दिली आणि ऐन वेळी मागे घेतली. युनियन जवळजवळ बसली. सभासद गळाले, कचेरीचं भाडं भरायची पंचाईत झाली. तरी तो हटला नाही. 1937 साली, युनियन स्थापन झाली त्याच तारखेला, पुलमन कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे 400 तास 240 वर आले. पुढे राष्ट्राध्यक्षांसमोर रँडॉल्फ जसा वागला, त्याचं मूळ या बारा वर्षांत आहे. हाक देऊन मागे घेण्याची किंमत त्याने एकदा मोजली होती.

(दृश्य : कारखान्यांची धुराडी, विमानांची जुळणी)

1940. युरोपात युद्ध पेटलंय. अमेरिकेतले कारखाने विमानं आणि जहाजं बनवायला लागलेत, वर्षानुवर्षं बेकार असलेल्यांना काम मिळतंय. गोऱ्यांना. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीने तर उघड सांगून टाकलं, की कृष्णवर्णीयांचा विचार झाडलोटीच्या कामासाठीच होईल. सैन्यातही त्यांच्या पलटणी वेगळ्या.

27 सप्टेंबरला रँडॉल्फ आणि त्याचे दोन सहकारी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टना भेटले. रूझवेल्ट गोड बोलले. त्यांच्या बोलण्याची एक तऱ्हा होती, समोरच्याला वाटावं की आपलं काम झालंच. मंडळी आशेने परतली. दोनच आठवड्यांत व्हाइट हाउसचं निवेदन आलं : सैन्यात वेगळ्या पलटणींचं धोरण चालूच राहील. शिवाय निवेदनाचा सूर असा, की या नेत्यांशी बोलूनच हे ठरलंय. आपल्याच लोकांसमोर त्यांची मान खाली गेली.

जानेवारी 1941मध्ये रँडॉल्फने नवी हाक दिली : दहा हजार कृष्णवर्णीयांनी राजधानीवर मोर्चा न्यायचा. पुढे हा आकडा एक लाखावर गेला. तारीख ठरली, 1 जुलै. ही बातमी गावोगाव कुणी नेली? त्याच पोर्टरांनी. शिकागोहून निघालेला पोर्टर दक्षिणेतल्या स्टेशनांपर्यंत पत्रकं आणि निरोप पोचवायचा. एवढं मोठं जाळं त्या काळी दुसऱ्या कुठल्याही कृष्णवर्णीय संघटनेकडे क्वचितच असेल.

सरकार हादरलं. जगाला लोकशाहीचे धडे देणाऱ्या राजधानीत हे दृश्य त्यांना नको होतं. आधी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी समजूत घातली. एलिनॉरबाईंना या लोकांबद्दल खरा कळवळा होता आणि रँडॉल्फही त्यांना मानायचा. पण मोर्चा मागे घ्यायला तो तयार झाला नाही.

18 जून 1941. व्हाइट हाउस. खोलीत मंत्री बसलेत, युद्ध उत्पादनाचे अधिकारी बसलेत. त्यांत सिडनी हिलमनही आहे. तोही कामगार पुढारी, शिंप्यांच्या मोठ्या युनियनचा अध्यक्ष, पण आता सरकारी खुर्चीत. दोघांच्या वाटा इथे वेगळ्या दिसतात. हिलमन आत बसून वजन वापरत होता, रँडॉल्फचं सगळं वजन बाहेर रस्त्यावर होतं. माझ्या मते त्या दिवशी हे बाहेरचं वजनच कामाला आलं.

रूझवेल्टनी गप्पांनी सुरुवात केली. रँडॉल्फचे घोटीव उच्चार ऐकून विचारलं, ‘हार्वर्डच्या कुठल्या वर्षाचे तुम्ही?’ रँडॉल्फ म्हणाला, ‘मी हार्वर्डला कधी गेलोच नाही, मिस्टर प्रेसिडेंट.’ आणि विषय कारखान्यांकडे वळवला. तिथे काम मिळेल असा आदेश काढा. रूझवेल्ट म्हणाले, आधी मोर्चा मागे घ्या, मग बोलू. रँडॉल्फने नकार दिला. तेव्हा रूझवेल्टनी रँडॉल्फसोबत आलेल्या वॉल्टर व्हाइटकडे, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या पुढाऱ्याकडे, पाहून विचारलं, खरंच किती लोक येतील? उत्तर आलं, ‘एक लाख.’ रूझवेल्ट त्याच्याकडे रोखून बघत राहिले. शेवटी ला गार्डियांनीच कोंडी फोडली : हा माणूस मागे हटत नाही, तर आपण सगळे मिळून तोडगा शोधू या.

मसुदा लिहायचं काम जोसेफ राऊ या तरुण सरकारी वकिलावर आलं. मसुदा जायचा, रँडॉल्फ परत पाठवायचा. हे पुरेसं नाही. फक्त कारखाने नकोत, सरकारी खात्यांनाही हाच नियम लागू करा. राष्ट्राध्यक्षांना झुलवणारा हा रँडॉल्फ आहे तरी कोण, असं तो वकील वैतागून म्हणाला.

25 जूनला रूझवेल्टनी कार्यकारी आदेश 8802वर सही केली. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत आणि सरकारी नोकरीत वंश, धर्म, वर्ण किंवा मूळ देश बघून भेदभाव करायचा नाही. देखरेखीला एक समिती. रँडॉल्फने मोर्चा मागे घेतला तो त्यानंतर.

पण सैन्याचा प्रश्न आदेशात नव्हताच. तरुण कार्यकर्ते भडकले. बायार्ड रस्टिनसारख्यांना तर ही सरळ माघार वाटली. त्यांचा राग खोटा नव्हता. समितीला दात नव्हते आणि युद्ध संपताच ती गुंडाळली गेली. तरीही कारखान्याच्या बंद दारावर कायद्याचा पहिला धक्का बसला तो याच आदेशाने, आणि त्याच दारातून हजारो माणसं आत गेली.

(दृश्य : 1948, वॉशिंग्टन)

सैन्याचं उरलेलं काम रँडॉल्फने ट्रूमन राष्ट्राध्यक्ष असताना हाती घेतलं. मार्च 1948मध्ये त्याने ट्रूमनना तोंडावर सांगितलं : घरात लोकशाही मिळत नसेल, तर बाहेरच्या लोकशाहीसाठी बंदूक उचलायच्या मनःस्थितीत आमचे लोक नाहीत. ट्रूमन चिडले. रँडॉल्फने पुढे सिनेटच्या समितीसमोर जाहीर केलं, की सैन्यभरती नाकारा असं मी तरुणांना सांगेन. इथे त्याने भारतातल्या सविनय कायदेभंगाचा दाखला दिला. तुरुंगात जायची तयारी ठेवूनच तो हे बोलत होता.

26 जुलैला आदेश 9981 निघाला. सैन्यात समान वागणूक, समान संधी. पण वेगळ्या पलटणी बंद होणार का, याबद्दल त्यात एक शब्द नव्हता. रँडॉल्फ थांबला. तीन दिवसांनी पत्रकारांनी ट्रूमनना तेच विचारलं आणि ते ‘होय’ म्हणाले. ऑगस्टमध्ये रँडॉल्फने कायदेभंगाची हाक मागे घेतली.