स्लिव्हर: अंग एक, कार्डं अनेक

[पडद्यावर: 'मसल स्लिव्हर'चं कार्ड, अगदी जवळून]

'मॅजिक: द गॅदरिंग' या कार्डांच्या खेळातला हा एक स्लिव्हर, म्हणजे आपला गुण साऱ्या जातीला वाटणारा प्राणी. चोचीसारखं निमुळतं डोकं, एकच नखीदार हात, मागे शेपूट. खाली उजव्या कोपऱ्यात १/१, म्हणजे पॉवर (मारण्याची ताकद) एक, टफनेस (सोसण्याची ताकद) एक. एक हिरवा आणि एक कुठलाही, असे दोन मॅना (कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा) मोजले की हा टेबलावर येतो. येतो तोच २/२ होऊन. कारण सगळ्या स्लिव्हर्सना +१/+१ देणं हाच त्याचा गुण, आणि 'सगळ्यां'त तो स्वतःही आला.

'मॅजिक: द गॅदरिंग'मध्ये स्लिव्हर पहिल्यांदा दिसले ते १९९७च्या 'टेम्पेस्ट' संचात. दुसरा मसल आला की दोघंही ३/३. तिसरा आला की तिघंही ४/४. सहा मॅनात बारा पॉवर! उडण्याचं तसं नाही. 'विंग्ड स्लिव्हर' एक असो की तीन, सगळे उडतात तेवढेच. दुसरा कामाला येतो तो पहिला मेल्यावर. म्हणून साठ कार्डांच्या डेकमध्ये मसलच्या चारही प्रती आधी घालाव्यात, विंग्डचं नंतर बघावं.

[पडद्यावर: टेबल वरून. तीन स्लिव्हर हल्ल्यासाठी आडवे]

आता हा डोलारा कोसळतो कसा, ते बघा. दोन मसल आणि एक 'हार्ट स्लिव्हर', तिघंही ३/३. समोरच्यानं एका मसलला ३/३ प्राण्यानं अडवलं, हार्टला २/२नं. दुसरा मसल मोकळा सुटला. डॅमेज सगळ्यांना एकदमच लागतं. अडवलेला मसल तीन खाऊन मेला. हार्टला दोनच लागलंय, तो वाचायला हवा. पण मसल गेल्याबरोबर हार्ट २/२वर आला, आणि लागलेलं डॅमेज टर्न संपेपर्यंत अंगावरच राहतं. तोही गेला. नवखे खेळाडू इथे हटकून चुकतात: आपलं नुकसान मोजताना मेलेल्या मसलचा +१ धरूनच ठेवतात.

मारणाऱ्यानंही वेळ साधायला हवी. हार्टमुळे नुकतेच आलेले स्लिव्हरसुद्धा त्याच टर्नला धावून येतात, त्यामुळे हार्टला मारायचं ते हल्ला जाहीर होण्याआधी. नंतर मारून उपयोग नाही, बाकीचे निघालेले असतात. विंग्डला मारायचं ते ब्लॉक ठरण्याआधी, म्हणजे उडणारे जमिनीवर येतात आणि कुणालाही अडवता येतात.

'क्रिस्टलाइन स्लिव्हर' सगळ्यांना श्राउड देतो: कुणालाच टार्गेट करता येत नाही. तुम्हालाही नाही! आपल्याच स्लिव्हरला बळ देणारा मंत्र हातात अडकून बसतो. आणि 'रॅथ ऑफ गॉड' हे कार्ड टार्गेट मागतच नाही; टेबलावरचे सगळे प्राणी साफ. त्यामुळे दोन-तीन स्लिव्हर हातात राखून ठेवणं शहाणपणाचं.

[पडद्यावर: जुना मसल, शेजारी 'प्रेडेटरी स्लिव्हर']

जुन्या कार्डांचा फायदा समोरच्याच्या स्लिव्हरलाही मिळतो. २००७च्या 'लॉरविन'मधले चेंजलिंग सगळ्याच जातींचे धरले जातात, म्हणजे तेही लाभार्थी. २०१३च्या 'मॅजिक २०१४' संचापासून नवे स्लिव्हर फक्त स्वतःच्या बाजूला बळ देऊ लागले. त्याच संचात त्यांना माणसासारखं धड आणि हातपाय मिळाले. ते रूप अनेकांना रुचलं नाही, आणि खरंच ते कुठल्याही राक्षसाचं वाटतं. २०१९च्या 'मॉडर्न होरायझन्स'मध्ये चोच आणि नखी परतली, नियम मात्र नवाच राहिला. तेव्हा समोरही स्लिव्हर असतील, तर आधी प्रेडेटरी उतरवा. तोच +१/+१, तेच दोन मॅना, पण शत्रूला काही मिळत नाही. मसल हातातच ठेवा.