स्पॅनिश घरातून निघताना

श्रोतेहो, नमस्कार. समजा, माद्रिदमध्ये कुणाकडे जेवण झालंय, गप्पा रंगल्यात आणि मेट्रो रात्री दीडला बंद होणार आहे. यजमानांना काय सांगाल?

एक वाक्य पक्कं करा: ‘मे तेंगो के इर’, म्हणजे ‘मला निघायला हवं’. यातला त आपला दंत्य त आहे, इंग्रजीसारखा ट नको. सुरुवातीचा ‘मे’ मात्र विसरू नका. नुसतं ‘तेंगो के इर’ म्हटलंत तर ‘मला कुठेतरी जायचंय’ एवढाच अर्थ पोचतो आणि समोरचा विचारतो, ‘आदोंदे?’, कुठे? तो ‘मे’ शेवटी जोडून ‘तेंगो के इरमे’ म्हटलं तरी चालतं. पण ‘तेंगो मे के इर’ कधीच नाही. नवशिक्यांची इथे गफलत होऊ शकते.

लगेच उठायचं असेल तर ‘या मे बोय’. लिहिताना व्ही असला तरी उच्चार ब. निघतो आणि निघते, दोन्हीला हेच रूप. ब्वेनोस आयरेसमध्ये ‘या’चा ‘शा’ होतो, दचकू नका.

कारण द्यायचं तर ‘से मे आ एचो तार्दे’. हे आपल्या ‘मला उशीर झाला’सारखंच आहे, दोष वेळेवर जातो. लॅटिन अमेरिकेत ते ‘से मे इसो तार्दे’ असं ऐकू येईल.

पण थेट या वाक्यांनी सुरुवात केली तर तुटक वाटतं. आधी लांबवलेलं ‘ब्वेनो...’ म्हणा, स्पेनमध्ये त्याला ‘प्वेस नादा’ जोडतात. ही निघण्याची खूण. त्यानंतरही पाच-दहा मिनिटं बोलणं चालतंच, आणि ते चालू द्यावं. मग गालाला गाल लावून निरोप: स्पेनमध्ये दोनदा, लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी एकदा.

वडीलधाऱ्यांसमोर किंवा कचेरीत मेक्सिकोत ‘कोन पेर्मीसो’ म्हणतात, उत्तर येतं ‘प्रोपियो’. ‘मे रेतीरो’ हेही अदबीचं. ‘मे पीरो’ स्पेनमधल्या दोस्तांपुरतं ठेवा. ‘मे लार्गो’ रागाच्या सुरातही म्हणतात, म्हणून पाहुण्याने ते टाळलेलंच बरं.

फोनवर ‘ते देखो’, शब्दशः ‘तुला सोडतो’, म्हणजे ‘ठेवतो हं’. यातला ख घशातून काढायचा. हेच शब्द जोडीदाराला समोरासमोर गंभीरपणे म्हटले तर नातं तोडल्यासारखं होतं, तेव्हा जपून.

शेवटी खास मराठी माणसासाठी. निघताना आपल्या तोंडी ‘येतो’ असतं. त्याचं ‘बेंगो’ करू नका. स्पेनमध्ये ‘आओरा बेंगो’ म्हणजे ‘आत्ता आलोच’. तुम्ही मेट्रोत बसाल आणि यजमान कॉफी गरम ठेवून वाट बघतील.