दिवस मावळायच्या सुमारास

[दृश्य : निळसर धुक्यातल्या डोंगररांगा. एका लाकडी सभागृहासमोर वाद्यांच्या पेट्या घेऊन उतरणारी माणसे.]

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यातील अ‍ॅशव्हिल शहरात 1928 साली बॅस्कम लामार लन्सफर्ड यांनी डोंगरी संगीत आणि नृत्याचा महोत्सव सुरू केला. त्याची वेळ घड्याळात सांगत नसत. ‘दिवस मावळायच्या सुमारास’ एवढे म्हटले की लोकांना पुरेसे असे. आजची मैफल त्या शहराच्या पूर्वेला, स्वनानोआच्या खोऱ्यात आहे आणि तीही दिवस मावळतानाच सुरू होत आहे. या पर्वतांचे नाव आपण अनेकदा ‘अ‍ॅपलेशियन’ असे ऐकतो. इथली माणसे मात्र ‘अ‍ॅपलॅचन’ म्हणतात आणि आपणही त्यांचाच उच्चार मानणार आहोत.

मंचावर दोन घरची मंडळी बसली आहेत. एका बाजूला आयर्लंड आणि स्कॉटलंडचे वादक, दुसऱ्या बाजूला याच डोंगरातले.

[दृश्य : पाइप्सवादकाचे हात, जवळून.]

आयर्लंडच्या इलन पाइप्समध्ये, म्हणजे तिथल्या पिशवीच्या बाजात, तोंडाने हवा फुंकत नाहीत. वादकाच्या उजव्या कोपराखाली एक लहान भाता पट्ट्याने बांधलेला असतो आणि डाव्या कोपराखाली हवेची पिशवी असते. ‘इलन’ या शब्दाचा संबंध कोपराशीच आहे. सूर काढण्याची नळी मांडीवर उभी धरलेली असते. तिचे खालचे तोंड मांडीवरच्या चामड्याच्या तुकड्यावर टेकले आणि वरची सगळी छिद्रे बोटांनी बंद केली की तिचा आवाज क्षणभर पूर्ण थांबतो, बोट उचलताच पुन्हा फुटतो, आणि त्या लहानशा तुटीमुळेच सुरावटीला बोलल्यासारखा उच्चार येतो. मागे आधारस्वराच्या नळ्या अखंड वाजत राहतात. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हा नाद परका वाटणार नाही.

हे सूर अटलांटिक ओलांडून इथवर आले ते प्रामुख्याने अल्स्टरमधून, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातून, आलेल्या कुटुंबांबरोबर. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून उत्तर आयर्लंडात नेऊन वसवलेल्या प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) शेतकऱ्यांना पुढच्या शतकात जमिनीचा वाढता खंड, पडलेली पिके आणि धर्मामुळे नाकारलेले अधिकार सोसवेनासे झाले, आणि 1717 पासून अमेरिकी क्रांतीपर्यंत त्यांच्यापैकी लाखाहून अधिक माणसे जहाजांत बसली. फिलाडेल्फियाजवळ उतरून ती शेनांडोआच्या खोऱ्यातून बैलगाडी-घोडागाडीच्या वाटेने दक्षिणेला सरकत राहिली. ज्या डोंगरांत त्यांनी अखेर घरे बांधली ती चेरोकी या मूळ रहिवासी लोकांची भूमी होती, हे सांगितल्याशिवाय ही कहाणी सांगता येत नाही. सामानात जागा थोडी होती. फिडल, म्हणजे व्हायोलिन, काहींनी आणले. गाणी मात्र सगळ्यांनीच आणली, कारण त्यांना जागा लागत नाही.

[दृश्य : मंचावरचे दिवे मंद. एक स्त्री साथीशिवाय गात आहे.]

आता ऐकू येत आहे ते ‘बार्बरा अ‍ॅलन’. मरणशय्येवर पडलेला तरुण, त्याच्या उशाशी येऊन निर्विकारपणे परत जाणारी बार्बरा, वाटेत कानावर पडणारी मृत्युघंटा, आणि शेवटी दोन थडग्यांवर उगवून एकमेकांत गुंतलेली गुलाबाची आणि काटेरी झुडपाची वेल. लंडनच्या सॅम्युएल पेपिस यांनी 2 जानेवारी 1666 रोजी आपल्या रोजनिशीत या गाण्याचा उल्लेख ‘छोटेसे स्कॉटिश गाणे’ असा केला आहे. हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लिश आणि स्कॉटिश कथागीतांचा 305 गीतांचा जो मोठा संग्रह सिद्ध केला, त्यात याचा क्रमांक 84 आहे. इतक्या भीषण कथांना मॅडिसन काउंटीच्या डोंगरातले जुने गायक ‘प्रेमगीते’ म्हणत आले आहेत. मला हे नाव अगदी यथार्थ वाटते.

गायिकेकडे नीट पाहा. चेहऱ्यावर अभिनय नाही, हात मांडीवर स्थिर आहेत, आणि ओळीच्या शेवटी आवाज एका झटक्यात वर उडून तुटतो. कथा सांगायची आणि स्वतः बाजूला उभे राहायचे, ही इथली शिस्त आहे. ती कागदावरून शिकता येत नाही. इथे म्हणतात, गाणे गुडघ्याला गुडघा लावून शिकायचे: शिकवणारी आणि शिकणारी समोरासमोर बसतात, एक ओळ इकडून, तीच ओळ तिकडून.

इंग्लंडचे संग्राहक सेसिल शार्प आणि त्यांच्या सहकारी मॉड कार्पेलिस 1916 ते 1918 या काळात हे डोंगर पायी तुडवत हिंडले आणि त्यांनी 281 गायकांकडून सुमारे 1,600 चाली लिहून घेतल्या. त्यांच्याआधी ऑलिव्ह डेम कॅम्बेल यांनी गाणी जमवायला सुरुवात केली होती आणि शार्प यांना या डोंगरांची ओढ लागली ती त्यांचाच संग्रह पाहून. हे श्रेय पुष्कळदा अर्धवट सांगितले जाते. हॉट स्प्रिंग्ज गावच्या जेन हिक्स जेंट्री यांनी एकट्यांनी शार्प यांना साठाहून अधिक गाणी दिली.

शार्प यांचे ऋण मोठे आहे. तरीही त्यांना जे ऐकायचे होते तेच त्यांनी अधिक ऐकले. इंग्लंडमध्ये हरवलेले काहीतरी या डोंगरांत जसेच्या तसे सापडेल, ही आशा मनाशी धरून ते आले होते. त्यामुळे डोंगरात शुद्ध, अस्पर्श ब्रिटिश गाणी शिल्लक होती अशी समजूत पक्की झाली. मंचावरचे पुढचे वाद्य मात्र वेगळेच सांगते.

[दृश्य : बॅन्जो वाजवणारा उजवा हात.]

बॅन्जो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे वाद्य आहे. सेनेगल आणि गांबियातील जोला लोकांचे आकोंटिंग आजही वाजवले जाते: भोपळ्यावर ताणलेले कातडे, दोन लांब तारा आणि अंगठ्यासाठी एक आखूड तार. आता या डोंगरातल्या वादकाचा हात पाहा. पंजा पक्ष्याच्या नखीसारखा अर्धवट मिटलेला आहे, बोटाचे नख तारेवर वरून खाली आपटते, आणि हात उठता उठता अंगठा पाचवी, आखूड तार छेडून जातो. आकोंटिंगही असेच वाजते. शार्प यांच्या गायकांतही मरिया टोम्स होत्या, पूर्वी गुलाम असलेल्या वृद्ध कृष्णवर्णीय स्त्री. 1918 मध्ये व्हर्जिनियात ‘बार्बरा अ‍ॅलन’ त्यांनीही गायले. कृष्णवर्णीय फिडलवादक जो थॉम्पसन यांच्या उत्तर कॅरोलिनातील घरी जाऊन गायिका आणि बॅन्जोवादक रिआनन गिडन्स आणि त्यांचे साथीदार हे संगीत शिकले, आणि त्याच गिडन्स स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेतली गाणीही तितक्याच आपलेपणाने गातात.

[दृश्य : दोन्ही बाजूंच्या खुर्च्या जवळ ओढल्या जात आहेत.]

शेवटच्या भागात दोन फिडलवादक समोरासमोर बसले आहेत. स्कॉटलंडचा वादक ‘लॉर्ड मॅकडोनल्ड्स रील’ ही जलद नृत्याची चाल सुरू करतो. स्वर सुटे, टोकदार, गजाचे फटकारे आखूड. डोंगरातली वादक ते एकदा ऐकून घेते आणि हीच चाल इथे ज्या रूपात रुजली ते ‘लेदर ब्रिचेस’ वाजवू लागते. गज आता एकाच वेळी दोन तारांवरून जातो, शेजारची तार घुमत राहते, आणि लयीला नाचणाऱ्या पावलांचा झोल येतो. स्वरांचा सांगाडा ओळखू येतो; चालणे मात्र सर्वस्वी या मातीतले आहे.

आयर्लंडच्या बैठकीत एक चाल साधारण तीनदा वाजवून दुसरीकडे वळतात. इथे एकच चाल दहा दहा मिनिटे फिरत राहते, आणि बॅन्जोच्या तारा प्रत्येक पट्टीसाठी नव्याने लावाव्या लागत असल्याने पट्टीही सहसा बदलत नाही. पाहुण्या पाइप्सवादकाला पहिल्या काही फेऱ्यांत थांबायचे कुठे ते कळत नाही. मग तो डोळे मिटतो आणि आधारस्वराच्या नळ्या सुरू करतो.

फेरी पुन्हा पहिल्या सुरावर येते. फिडलवादक उजवा पाय जमिनीपासून वर उचलते. ही शेवटची फेरी, असा त्याचा अर्थ. सगळ्यांच्या नजरा त्या पावलावर आहेत.